कॉपीचा आकडा कुठे अडकतोय ते आधी बघा

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या माडीवर पाय ठेवायला जागा नसते. शनि चौकातली रहाड (रंग खेळायचा जुना हौद), तिवंध्यातली रहाड, दोन्हीकडचं शूटिंग करून पोरं पहाटेच मेमरी कार्डं टाकून जातात आणि संध्याकाळच्या आत मंडळांना रील्स हव्या असतात. माझा धंदा व्हिडिओ एडिटिंगचा. नाशिकच्या पंचवटीत खाली घर, वर काम. त्या दिवशी ३८० जीबी फुटेज डेस्कटॉपवरून बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकायचं होतं, एरवी तासाभराचं काम. भाच्याने कॉपी लावली आणि दोन मिनिटांत खालपर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली, "मावशी, तीन तास दाखवतंय! डिस्क गेली. एम.जी. रोडवरून नवीन घेऊन येऊ का?"

मी जाऊन बघितलं. सेकंदाला ३६ एमबी. चहा घेऊन आले, परत बघितलं. ३६. ग्राफची रेघ अशी सपाट, जणू पट्टी लावून ओढलेली.

"गेली नाहीये," म्हटलं. "मरायला टेकलेली डिस्क एवढ्या शिस्तीत चालत नाही."

हे मला सुरुवातीपासून कळायचं असं नाही. काही वर्षांपूर्वी अशाच संथ डिस्कपायी मी दोन दिवस घालवले होते. ड्रायव्हर अपडेट केले, अँटिव्हायरस काढला, शेवटी डिस्क फॉरमॅट मारली. स्पीड होता तिथेच. तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे: कशालाही हात लावायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघत बसायचं. आकडा एका जागी अडकलाय का, जोरात सुरू होऊन कोसळतोय का, की मधेच शून्यावर जाऊन परत येतोय? या तीन तऱ्हांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

बघायचं कसं, ते सांगते. एकच मोठी फाइल घ्या, दहा-वीस जीबीचा व्हिडिओ असेल तर उत्तम. फोल्डर नको, त्याचं कारण पुढे येईल. ती कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवरून बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि कॉपीच्या बॉक्समध्ये 'मोअर डिटेल्स' दाबा, म्हणजे ग्राफ दिसतो. पहिल्या काही सेकंदांच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. विंडोज आधी डेटा रॅममध्ये भरून घेतं आणि त्या वेळी सहाशे, आठशे असलं काहीही दाखवतं. एक मिनिट झालं की आकडा कागदावर लिहा, पाच मिनिटांनी परत लिहा.

आकडा वाचताना मात्र गफलत होते. डिस्कच्या खोक्यावर जे ५ जीबीपीएस (सेकंदाला ५ गिगाबिट) छापलेलं असतं ते बिटमध्ये असतं, आणि कॉपीच्या बॉक्समधलं एमबी म्हणजे मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट. जुन्या यूएसबी २.० जोडणीचे सेकंदाला ४८० मेगाबिट म्हणजे कागदावर ६० एमबी, पण कॉम्प्युटर आणि डिस्कच्या आपसातल्या बोलाचालीतला वेळ वजा जाता हाताला लागतात ३५ ते ४०. यूएसबी ३.० मधून चारशेच्या आसपास मिळू शकतात. पण आत फिरणारी तबकडी असलेली खिशातली हार्ड डिस्क स्वतःच नवी असताना १२०-१४० च्या पुढे जात नाही, आणि भरत आली की ६०-७० वर येते, कारण बाहेरची मोकळी गोल पट्टी संपून ती आतल्या छोट्या वर्तुळांवर लिहीत असते. तेव्हा जुन्या, अर्ध्याहून जास्त भरलेल्या हार्ड डिस्कवर ७० मिळत असतील तर बिघाड शोधत बसू नका. त्या डिस्कची धाव तेवढीच आहे.

आता आमचे ३६. आकडा ३० ते ४० च्या मध्ये सपाट अडकला की डोळे झाकून समजायचं, डिस्क यूएसबी २ च्या रस्त्याने जोडली गेली आहे. डिस्क चांगली, कॉम्प्युटर चांगला, मधला रस्ता अरुंद. मग रस्ता एका टोकापासून चालत जायचं, आणि पहिली गाठ पडते केबलशी.

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा केबलच निघते. तबकडीवाल्या बऱ्याच डिस्कना जे रुंद, दोन भागांचं चपटं सॉकेट असतं ते नीट बघा. एक भाग मोठा, शेजारी एक छोटा. त्यातला मोठा भाग म्हणजे जुन्या मोबाइलच्या चार्जरचं सॉकेटच आहे. जुनी मोबाइलची केबल त्यात बरोब्बर बसते, डिस्क चालू होते, दिवा लागतो, फोल्डर उघडतात, सगळं चालतं. फक्त वेगाच्या जास्तीच्या तारा त्या शेजारच्या छोट्या भागात असतात आणि तो रिकामा राहतो. मी टेबलाखाली वाकून बघितलं तर डिस्कला लोंबत होती एक पांढरी, मळकी, बारीक केबल.

"ही कुठली?"

"माझ्या जुन्या फोनची," भाचा म्हणाला. "डिस्कची केबल काल गाडीत राहिली. पण चालतेय की, मावशी!"

चालतेय, हाच तर घोळ. तुटकी केबल असती तर पाच मिनिटांत कळलं असतं.

नवीन डिस्कना सी टाइपचं तोंड असतं, तिथे फसगत आणखी सोपी आहे, कारण दोन केबली दिसायला सारख्या. मोबाइलच्या चार्जरसोबत येणाऱ्या बहुतेक सी केबली चार्जिंगसाठी केलेल्या असतात, जाड असल्या तरी डेटा यूएसबी २ च्याच वेगाने नेतात. डिस्कच्या खोक्यातली केबल हरवू देऊ नका. आमच्याकडे आता डिस्कच्या केबलींना दोन्ही टोकांशी निळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली आहे. निळ्या टेपच्या केबलीने मोबाइल चार्ज करताना कुणी दिसला तर त्या दिवशीची मिसळ त्याच्या खिशातून.

कॉम्प्युटरकडच्या चौकोनी टोकात डोकावलं तरी ओळख पटते. यूएसबी २ च्या केबलीत ४ चपट्या पट्ट्या दिसतात. ३ च्या केबलीत त्या चार तर असतातच, शिवाय आत खोलवर आणखी ५. मोबाइलचा टॉर्च मारून बघा, स्पष्ट दिसतात.

केबल बदलूनही ३६ च असेल तर पोर्ट. निळ्या रंगाचा पोर्ट म्हणजे यूएसबी ३, हे साधारण खरं, पण काही कंपन्या लाल किंवा काळा रंगही देतात, त्यामुळे शेजारी 'एसएस' अशी खूण आहे का बघा. डिस्क काढून कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवर असलेल्या पोर्टला लावा. घालताना भीत भीत नको, एका दमात आतपर्यंत. हळूहळू सरकवत घातली तर कॉम्प्युटर कधी कधी तिला यूएसबी २ म्हणूनच ओळखतो. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते, पण माझ्याच टेबलावर झालंय. काढून परत घातली आणि ३७ चे ११८ झाले.

मागे जोरात आणि पुढे संथ, असं निघालं तर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची आतली वायर बघायची. सिडकोतल्या एका फोटोग्राफर दादांचा कॉम्प्युटर असाच माझ्याकडे आला होता. पुढे दोन निळे पोर्ट, झकास, आणि स्पीड ३५. बाजूचं झाकण काढलं. पुढच्या पोर्टपासून जी वायर मदरबोर्डकडे जाते तिचा कनेक्टर जाडजूड असतो, १९ पिनांचा, आणि त्याची जागाही तशीच रुंद. इथे त्या जाड कनेक्टरला एक छोटा जोड लावून तो शेजारच्या ९ पिनांच्या यूएसबी २ च्या जागेत खोचला होता. मूळ जागेतल्या दोन पिना वाकलेल्या. असेंबल करणाऱ्याकडून घाईत वाकल्या असणार, मग त्याने गुपचूप पळवाट काढली. दादांनी तीन वर्षं लग्नाचे अल्बम त्या पोर्टवरून कॉपी केले. वाकलेली पिन सरळ करता येते, पण चिमटा बारीक हवा आणि कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढलेली हवी. हात थरथरत असेल तर मागचा पोर्ट वापरा आणि विषय सोडून द्या. मी तेच सांगितलं.

हब आणि एक्स्टेन्शनबद्दल थोडक्यात: चाचणी करताना दोन्ही बाजूला ठेवा. हबमधल्या सगळ्या वस्तू एकाच वायरीत वाटेकरी असतात. आणि बिनवायरीच्या माउसचा छोटा डोंगल डिस्कच्या अगदी शेजारी लावू नका. यूएसबी ३ मधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, इंटेलने २०१२ मध्ये त्यावर लेखी माहिती प्रसिद्ध केली होती. कॉपी लावली की माउस अडखळतो आणि आपण म्हणतो कॉम्प्युटर हँग झाला.

हे सगळं अंदाजाने न करता डोळ्यांनी बघायचं असेल तर 'यूएसबी ट्री व्ह्यू' नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. त्यात डिस्कवर क्लिक केलं की ती हायस्पीडवर जोडली आहे की सुपरस्पीडवर, ते कळतं. हायस्पीड हे नाव ऐकून खूश होऊ नका, हायस्पीड म्हणजेच यूएसबी २, सुपरस्पीड म्हणजे यूएसबी ३. ही नावं ज्यांनी ठेवली त्यांना एकदा आमच्या माडीवर कॉपी करायला बसवलं पाहिजे. यूएसबी ३.० चं पुढे ३.१ जेन १ झालं, मग ३.२ जेन १ झालं, वेग तोच ५ जीबीपीएस. खोक्यावर ३.२ बघून जास्त पैसे मोजण्याआधी पुढचा जेन आणि जीबीपीएसचा आकडा वाचा.

कॉम्प्युटर फारच जुना, २०१२ च्या आधीचा असेल तर त्यात यूएसबी ३ नसण्याचीच शक्यता जास्त. मदरबोर्डवर पीसीआय एक्स्प्रेसची छोटी जागा रिकामी असेल तर यूएसबी ३ चं कार्ड बसवता येतं. विंडोज ७ असेल तर त्याचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, विंडोज ८ पासून तो आतच असतो.

दुसरी तऱ्हा वेगळी. १३० ने सुरुवात, दहा मिनिटं झकास, आणि मग २० वर, १५ वर, मधेच ४०, परत १२. इथे केबल बदलून काही होत नाही. ही डिस्कची घडणच तशी असते.

आमच्या खिडकीतून समोरच्या गल्लीतला जुना वाडा दिसतो, वर कौलं. एका ओळीच्या कडेवर दुसऱ्या ओळीची कड चढलेली. मधलं एखादं कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, मग परत बसवावी लागतात. आजच्या पुष्कळशा खिशातल्या हार्ड डिस्कमध्ये डेटाच्या ओळी अशाच एकमेकींवर चढवलेल्या असतात, जागा वाचवायला. या प्रकाराला एसएमआर म्हणतात. नवा डेटा आधी एका मोकळ्या राखीव पट्ट्यात पटापट लिहिला जातो, आणि तो पट्टा भरला की डिस्क एकीकडे नवीन घेत दुसरीकडे कौलं उचलून परत रचत बसते. तेव्हा स्पीड कोसळतो. एसएसडीमध्ये तबकडी नसते, पण स्वस्त एसएसडीतही असाच एक वेगवान कप्पा असतो. तो भरला की पाचशेची एसएसडी शंभरच्या खाली येताना मी बघितली आहे.

यावर औषध नाही, पथ्य आहे. ४०० जीबी एका दमात कोंबू नका, शंभर-शंभरच्या घासांनी द्या आणि मधे अर्धा तास डिस्क जोडलेलीच पण मोकळी राहू द्या. तेवढ्यात ती आतली रचना उरकून घेते. कॉपी संपली की लगेच उपटू नका. डिस्क काठोकाठ भरू नका, दहा-पंधरा टक्के जागा सोडा. अशा डिस्कवर फुटेज ठेवून थेट एडिटिंग करू नका, ती फक्त साठवणीला बरी. विकत घेताना दुकानदाराला "एसएमआर आहे की सीएमआर?" असं विचारा. सीएमआर म्हणजे ओळी सुट्ट्या. दुकानदार गोंधळला तर त्याच्यासमोरच मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर शोधा.

एसएसडीचं आणखी एक, उन्हाळ्यापुरतं. एप्रिल-मे मध्ये माडी तापते, पारा चाळिशीला जातो, आणि एसएसडी स्वतःला वाचवायला वेग कमी करते. जाड रबरी कव्हरातून काढून पंख्याखाली ठेवा. कॅबिनेटच्या गरम हवेच्या तोंडाशी तर अजिबात नको.

आता फोल्डर का नको म्हटलं होतं ते. एक ५० जीबीचा व्हिडिओ आणि चाळीस हजार फोटोंचा ५० जीबीचा फोल्डर, वजन सारखं. पण दर फाइलमागे नाव नोंद, जागा शोध, वेळ लिही, असा कारकुनी खर्च असतो. एका पाटीत शंभर विटा उचलणं आणि शंभर विटा एकेक करून माडीवर नेणं, यातला फरक. सॉफ्टवेअरच्या कॅशचे, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचे फोल्डर तर कॉपीच करू नका, ते परत बनतात. फोटो हलवायचे असतील तर सेव्हन-झिपमध्ये कॉम्प्रेशन 'स्टोअर' ठेवून आतल्या डिस्कवर एकच गठ्ठा बांधा आणि तो गठ्ठा कॉपी करा. जेपेग फोटो दाबून लहान होत नाहीत, उगाच वेळ जातो, म्हणून स्टोअर.

लहान फाइलींना अँटिव्हायरसही नडतो, प्रत्येक फाइल उघडून बघतो. स्वतःच्या फुटेजचा फोल्डर विंडोज डिफेंडरच्या वगळायच्या यादीत टाका. पण गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हसाठी तो बंद करू नका. ज्याने एकदा शॉर्टकट व्हायरस निस्तरलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

एक सेटिंगही बघून ठेवा. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० अपडेटपासून बाहेरच्या डिस्कना 'क्विक रिमूव्हल' आपोआप लागू असतं, म्हणजे पटकन उपटली तरी चालेल, पण लिहिण्याचा वेग थोडा कमी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्क ड्राइव्ह्ज, आपल्या डिस्कच्या प्रॉपर्टीज, तिथे पॉलिसीज. 'बेटर परफॉर्मन्स' निवडलं की फरक पडतो, कधी चांगला, कधी नावापुरता. निवडलं तर मात्र दर वेळी 'सेफली रिमूव्ह' करूनच डिस्क काढायची. घरात शाळकरी पोरं असतील तर मी हे सेटिंग बदलणार नाही.

आणि कधी कधी दोष डिस्ककडे नसतोच. मेमरी कार्डावरून थेट बाहेरच्या डिस्कवर कॉपी लावली आणि ८५-९० वर अडकलं, तर ते कार्ड आहे. यूएचएस-१ कार्डाची कमाल मर्यादाच १०४ एमबी. एकाच डिस्कवरून त्याच डिस्कवर कॉपी करत असाल तर ती वाचतेही आहे आणि लिहितेही आहे, निम्म्याहून कमी स्पीड मिळणारच.

तिसरी तऱ्हा मात्र बघितली की मी खुर्चीत सरळ होते. आकडा ९० असतो, धाडकन शून्य, पंधरा सेकंद काही नाही, परत ७०, परत शून्य. डिस्कला कान लावला तर टिक, टिक, मग सुस्कारा टाकल्यासारखा आवाज. याची दोन कारणं: वीज कमी पडणं किंवा डिस्क खरोखर आजारी असणं. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३ चा ९००. पुढच्या पोर्टवर आणि हबमध्ये तेवढीही नीट पोचत नाही. म्हणून आधी मागच्या पोर्टला, आखूड केबलीने लावून बघा. थांबलं तर प्रश्न मिटला.

नाही थांबलं तर डिस्कची तब्येत दाखवणारा 'क्रिस्टल डिस्क इन्फो' हा प्रोग्रॅम उघडा. त्यातल्या चार ओळी बघायच्या. ०५ म्हणजे बाद करून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे संशयित, सी६ म्हणजे वाचताच न येणारे. या तिघांपुढचे 'रॉ व्हॅल्यूज' रकान्यातले आकडे शून्य हवेत. चौथी सी७, ती वाढत असेल तर निरोप नेण्या-आणण्यात चुका होतायत, म्हणजे आधी केबल किंवा डिस्कच्या डब्यातला जोड तपासा.

गेल्या हिवाळ्यात २०१५ च्या सिंहस्थाची डिस्क काढली. २९ ऑगस्टचं पहिलं शाही स्नान, रामकुंडावरचं, नवऱ्याने स्वतः शूट केलेलं. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर, जुन्याचे तुकडे मागणारे फोन सुरू झालेले. कॉपी लावली आणि शून्य. सी५ समोर तीन आकडी संख्या. भाचा लगेच म्हणाला, "चेक डिस्क मारू?"

त्याचा हात माउसवरून काढला. आजारी डिस्कवर चेक डिस्क मारायचं नाही, फॉरमॅट तर नाहीच, डिफ्रॅगही नाही. असली दुरुस्ती डिस्कला कानाकोपऱ्यापर्यंत पळवते, आणि तिच्यात तेवढा दम असेल की नाही हे आपल्याला माहीत नसतं. जो काय दम आहे तो डेटा बाहेर काढायला वापरायचा. आधी सगळ्यात महत्त्वाचं, मग बाकीचं. फोल्डर फोल्डर करून, अडलेली फाइल 'स्किप' करत पुढे. अडलेल्यांकडे शेवटी. डेटा जिवापाड असेल आणि डिस्क टिकटिक करत असेल तर घरी प्रयोगच करू नका, बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

आमची टिकटिक करत नव्हती, नुसती अडखळत होती. दोन रात्री आणि एक दिवस लागला. मधे मधे थांबवून गार होऊ दिली. शेवटी दोन क्लिप राहिल्या त्या राहिल्याच, त्यातली एक नुसत्या गर्दीची. दुसरीत सासूबाई होत्या, घाटावर, ओल्या पदराने कॅमेऱ्याला हाकलताना. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "बरं झालं."